नाव परत मिळवण्याचं काम

सकाळी ६.३०

चहा उकळेपर्यंत गूगल अलर्टची पत्रं बघून होतात. मी मराठीत लिहिते. मुंबईच्या उपनगरांवरचे लांब लेख असतात आणि ते माझ्याच संकेतस्थळावर प्रसिद्ध होतात. गेल्या काही वर्षांत आणखी एक काम अंगावर आलं आहे, माझ्यासारख्याच लिहिणाऱ्या काही जणांच्या मजकुराची राखण. एक निवृत्त शिक्षिका आहेत, पाककृती लिहिणाऱ्या एक काकू आहेत, गडकिल्ल्यांवर लिहिणारा एक मुलगा आहे. आमच्या सगळ्यांच्या प्रत्येक लेखातली दोन-तीन वाक्यं अवतरणचिन्हांत घालून अलर्टला देऊन ठेवलेली असतात. ती कुठे उमटली आणि गूगलच्या नजरेला पडली, की पत्र येतं.

वाक्य निवडताना विचार करावा लागतो. ‘पावसाळ्यात मुंबई तुंबते’ हे कुणीही लिहील. मी असं वाक्य घेते, ज्यात विशेषनाम नाही, आकडा नाही, पण शब्दांची जुळणी फक्त माझी आहे. नावं आणि आकडे चोर बदलतो. मधल्या साध्या वाक्याला तो सहसा हात लावत नाही.

मराठीत आणखी एक अडचण आहे, जी इंग्रजीत लिहिणाऱ्याला कधी भेडसावत नाही. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘येणाऱ्या’ या शब्दांतला अर्धा र संगणकावर दोन प्रकारे टंकता येतो. एका प्रकारात नुक्तेवाला ऱ, हलन्त आणि य असतो. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग झिरो विड्थ जॉइनर नावाचं एक अदृश्य चिन्ह असतं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण यंत्राच्या लेखी ती वेगळी अक्षरं आहेत. एका प्रकाराने शोधलं तर दुसऱ्या प्रकाराने लिहिलेलं निसटू शकतं. म्हणून असे शब्द असलेलं वाक्य मी दोन्ही प्रकारांनी शोधते.

हीच अडचण पुढे पुराव्याच्या कामी येते. मी स्वतः टंकते तेव्हा पहिला प्रकार उमटतो. माझ्या मुलाखतींचं ध्वनिमुद्रण ऐकून जी मैत्रीण मजकूर टंकून देते, तिच्या कीबोर्डवरून दुसरा प्रकार येतो. त्यामुळे माझ्या लेखात निवेदनातला ‘दुसऱ्या’ आणि मुलाखतीतला ‘दुसऱ्या’ आतून वेगळे असतात. मजकूर उचलून चिकटवला की ही सरमिसळ जशीच्या तशी पलीकडे जाते. ‘आम्ही स्वतंत्रपणे लिहिलं’ म्हणणाऱ्याला एवढा एक अर्धा र दाखवता येतो.

७.३०

आज सापडलेली चोरी माझ्याच लेखाची आहे. आर. के. स्टुडिओवर लिहिलेला लेख. राज कपूर यांनी १९४८ मध्ये उभी केलेली आर. के. फिल्म्स, चेंबूरला सायन-ट्रॉम्बे रस्त्यालगतचा तो स्टुडिओ, १६ सप्टेंबर २०१७ ची आग आणि २०१९ मध्ये गोदरेज प्रॉपर्टीजने जागा घेतल्याची घोषणा. यातलं काहीही माझं नाही. तारखा सगळ्यांच्या आहेत आणि आर. के. वर उद्या कुणीही दहा लेख लिहावेत. माझं काय आहे, तर तिथे उमेदीची वर्षं काढलेल्या एका लाइटमनशी झालेल्या गप्पा, त्या गप्पांचा मी लावलेला क्रम आणि प्रत्येक वाक्य.

ते सगळं एका बातम्यांच्या संकेतस्थळावर गेलं आहे. लेखकाच्या जागी ‘अ‍ॅडमिन’. वर, खाली आणि मध्ये जाहिराती. माणसाने वाचून उचललेलं दिसत नाही. यंत्राने ओढून नेलं आहे, कारण ‘आमच्या घरापासून आर. के. चालत जाण्याच्या अंतरावर’ हे वाक्यही तसंच आहे. माझ्या जुन्या लेखांकडे जाणारे दुवेसुद्धा शाबूत आहेत. त्यांच्या पानावरून वाचक माझ्या पानावर येतो आणि तरी नाव मात्र अ‍ॅडमिनचं.

राग येतो. पण रागात पहिलं पत्र लिहायचं नाही, हा नियम मी पाळते. चोराला आधी कळलं तर तो पान काढून टाकतो आणि आपल्या हाती काही उरत नाही. त्यामुळे आधी पंचनामा. पत्ता आणि वेळ दिसेल अशी पूर्ण पानाची छायाचित्रं. मग ते पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये जतन करायचं, म्हणजे तारखेला तिसऱ्याची साक्ष मिळते. मग पानाचा सोर्स कोड उतरवून घ्यायचा, कारण अदृश्य जॉइनर तिथेच दिसतो. दुसऱ्या फोल्डरमध्ये माझी बाजू: पहिल्या कच्च्या खर्ड्यापासूनच्या फाइली, मुलाखतीचं ध्वनिमुद्रण, मी काढलेल्या छायाचित्रांच्या मूळ प्रती. वहीतल्या टिपणांची पानंही मी फेकत नाही.

१ जुलै २०२४ पासून जुन्या पुरावा कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू झाला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि त्यात फाइलचं हॅश मूल्य नोंदवावं लागतं. फाइलवरून गणिताने काढलेली ही अक्षर-अंकांची लांब ओळ असते. फाइलमधला एक स्वल्पविराम बदलला तरी ती पूर्ण बदलते. मी प्रत्येक छायाचित्राचं हॅश त्याच दिवशी काढून ठेवते. कोर्टात जायची वेळ येईल न येईल, पण त्या वेळी मागचा दिवस परत आणता येत नाही.

९.४५

भाजी घेऊन येताना जिन्यात सोसायटीतले काका भेटले. निवृत्तीनंतर त्यांचे तीन-चार वाचनाचे ग्रुप जोरात चालतात. म्हणाले, “अगं, काल पुलंचा काय सुंदर लेख आला! तुला पाठवलाय बघ.”

लेख मी ओळखला. तो पुलंचा नाही. आमच्या त्या निवृत्त शिक्षिकांचा आहे. शाळेतल्या शेवटच्या दिवसावर त्यांनी लिहिला आणि प्रसिद्ध झाल्यावर काही आठवड्यांत तो व्हॉट्सअ‍ॅपवर बिननावाचा फिरू लागला. बिननावाचा मजकूर फार काळ बिननावाचा राहत नाही. कुणीतरी ‘लेखक अज्ञात’ लिहितो, कुणाला ती शैली ओळखीची वाटते आणि तो खाली ‘पु. ल. देशपांडे’ लिहून मोकळा होतो. विनोद दिसला की पुलं, नातेसंबंध दिसले की वपु, आवेश दिसला की नाना पाटेकर. ज्यांनी कधी एक ओळ तशी लिहिली नाही, त्यांच्या नावावर मराठी फोनमध्ये आज केवढा तरी मजकूर जमा आहे. यात दोघांवर अन्याय होतो. जिवंत लेखिकेचं लेखन जातं आणि पुलंच्या नावावर त्यांनी न लिहिलेली वाक्यं चढतात. पुलंचं निधन २००० साली झालं. उद्या त्यांचं गद्य अभ्यासणाऱ्या मुलाला या गाळातून वाट काढावी लागणार आहे.

मी काकांना हे सांगितलं. ते गडबडले, पण लगेच म्हणाले, “नाव कुणाचं का असेना, विचार पोचला ना लोकांपर्यंत?”

“काका, तुम्ही रिफायनरीत इतकी वर्षं काढलीत. तुमच्या कामाच्या अहवालावर दुसऱ्याने सही केली असती तर चाललं असतं?”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “त्या बाईंचं पूर्ण नाव दे मला. आणि मूळ लेख कुठे आहे तेही पाठव.”

घरी येऊन मी दुवा पाठवला. अर्ध्या तासात काकांनी त्यांच्या सगळ्या ग्रुपांवर दुरुस्ती टाकली होती, लेखिकेच्या नावासकट, आणि खाली ‘नाव न काढता पुढे पाठवावे’ अशी विनंती.

या कामात मी जे शिकले त्यातलं हे सगळ्यात मोठं आहे. मराठीत मजकूर उचलणारे बहुतेक जण काकांसारखे असतात. त्यांना लेख आवडलेला असतो, तो चार जणांनी वाचावा असं मनापासून वाटत असतं. त्यांना नोटीस पाठवणं हा अपमान आहे आणि मूर्खपणाही. त्यांच्याकडून पैसे नकोत, माफीही नको. नाव परत लावून घ्यायचं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५७ मध्ये हा हक्क स्वतंत्रपणे दिला आहे: लेखकाने आपले सगळे आर्थिक हक्क विकून टाकले तरी ‘हे मी लिहिलं’ असं म्हणण्याचा आणि लेखनाची मोडतोड करून आपली अप्रतिष्ठा केली तर हरकत घेण्याचा अधिकार त्याच्याकडेच राहतो. सगळ्या कायद्यात मला हे कलम सर्वांत जवळचं वाटतं.

११.१५

अ‍ॅडमिनकडे वळते. तिथे काकांचा न्याय लागू नाही. तिथे माझ्या वाक्यांवर जाहिराती विकल्या जात आहेत.

संकेतस्थळावर संपर्काचा पत्ता नाही, ना संपादकाचं नाव. डोमेन कुणाच्या मालकीचं ते सांगणाऱ्या हूइज नोंदीत मालकाचं नाव झाकलेलं, पण सर्व्हर कुणाचा आहे ते कळतं. परदेशी होस्टिंग कंपनी आहे. आता दोन वाटा असतात.

एक आपल्या कायद्याची. कलम ५२ आणि कॉपीराइट नियम, २०१३ मधला नियम ७५. मजकूर तात्पुरता साठवणाऱ्या किंवा नुसता पोचवणाऱ्या मध्यस्थाला लेखी तक्रार द्यायची. तो ३६ तासांत मजकूर बंद करतो, पण २१ दिवसांपुरताच. तेवढ्या मुदतीत कोर्टाचा आदेश आणला नाही, तर तो मजकूर पुन्हा खुला करू शकतो. शिवाय तक्रारीतच हमी द्यावी लागते की मी सक्षम न्यायालयात दावा दाखल करीन आणि आदेश आणून देईन. नियम लिहिताना नजरेसमोर चित्रपट आणि संगीत कंपन्या असाव्यात. ज्या लेखातून मला जेमतेम महिन्याचं वीजबिल सुटतं, त्याच्यासाठी २१ दिवसांत कोर्टाचा आदेश आणणं माझ्या कुवतीबाहेरचं आहे. मराठीत लिहिणाऱ्या जवळजवळ कुणाच्याच कुवतीतलं ते नाही. हा नियम बदलायला हवा आणि लहान लेखकांसाठी हमीची अट वेगळी हवी, असं मला ठामपणे वाटतं.

दुसरी वाट अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याची. गूगल आणि बहुतेक मोठ्या होस्टिंग कंपन्या तिथल्या असल्यामुळे चेंबूरमध्ये बसून मी त्या कायद्याखाली नोटीस पाठवू शकते. बर्न कराराच्या देशांत एकमेकांच्या लेखकांना संरक्षण आहे आणि भारत त्यात १९२८ पासून आहे. नोटिशीत ठरावीक गोष्टी लागतात: मूळ लेखाचा पत्ता, चोरलेल्या पानाचा नेमका पत्ता, सद्भावनेने तक्रार करत असल्याचं विधान, दिलेली माहिती खरी असल्याचं विधान आणि सही. समोरच्याने प्रतिनोटीस दिली आणि मी दावा लावला नाही, तर दहा ते चौदा कामकाजाच्या दिवसांत पान परत येऊ शकतं. अ‍ॅडमिन मंडळी प्रतिनोटीस सहसा देत नाहीत, कारण त्यात स्वतःचं नाव आणि पत्ता लिहावा लागतो.

मी होस्टिंग कंपनीला नोटीस पाठवली आणि गूगलचा अर्जही भरला. शोधात ते पान दिसेनासं झालं की जाहिरातींचं उत्पन्न आटतं आणि तिथेच बहुतेक प्रकरणं संपतात. गूगल अशा नोटिशांच्या प्रती ल्युमेन नावाच्या संग्रहाकडे पाठवतं आणि तिथे त्या कुणालाही वाचता येतात. मला ते योग्य वाटतं. मजकूर काढून टाकायला लावणं ही ताकद आहे, ती उघड्यावर वापरली जावी. टीका बंद पाडायलाही लोक हा अर्ज वापरतात. माझ्या लेखातला उतारा नावासकट घेऊन कुणी मला झोडपलं असेल तर तो त्याचा हक्क आहे. तिथे मी अर्ज भरत नाही. आपल्या कायद्यातल्या कलम ६० प्रमाणे बिनबुडाची धमकी दिल्याबद्दल समोरचा उलट आपल्यावर दावा लावू शकतो, हेही ध्यानात ठेवायला हवं.

१२.४५

पाककृतीवाल्या काकूंचा फोन. एका यूट्यूब वाहिनीवर त्यांची तळलेल्या मोदकांची कृती आली आहे. काकू रडवेल्या झाल्या होत्या. मी व्हिडिओ दोनदा पाहिला आणि त्यांना जे सांगावं लागलं ते त्यांना आवडणार नव्हतं: “काकू, साहित्य आणि प्रमाण यावर कुणाचीच मालकी नसते. ओलं खोबरं, गूळ आणि मैद्यात रवा किती, हे त्या बाईने तुमच्याकडून घेतलं असलं तरी तिने स्वतः करून दाखवलंय आणि स्वतःच्या शब्दांत सांगितलंय.”

“आणि मग सासूबाईंच्या चुलीची गोष्ट?”

ती गोष्ट ऐकताना माझ्याकडून निसटली होती. पाचव्या मिनिटाला ती बाई कढईत मोदक सोडताना काकूंचा सबंध परिच्छेद वाचते आहे, शब्दाला शब्द. तो परिच्छेद काकूंचा आहे. यूट्यूबची आपोआप ओळखणारी यंत्रणा चित्र आणि आवाज जुळवते. कुणी छापील मजकूर मोठ्याने वाचला तर तिला पत्ता लागत नाही. त्यामुळे अर्ज हाताने भरावा लागतो.

पण अर्ज लगेच भरायचा नाही, असं आम्ही ठरवलं. नव्वद दिवसांत तीन स्ट्राइक झाले की वाहिनी बंद पडते आणि ती बाईही काकूंसारखीच घरातून चार पैसे मिळवणारी दिसते. काकूंनी तिला आधी स्वतः पत्र लिहायचं ठरलं: परिच्छेद काढ किंवा नाव घे आणि मूळ लेखाचा दुवा खाली दे. मसुदा मी करणार होते, पण काकू म्हणाल्या, “नको, माझं मी लिहिते. तुझ्या पत्राला कायद्याचा वास येतो.”

जेवण. नंतर अर्धा तास आडवं होणं.

२.३०

गडकिल्ल्यांवर लिहिणाऱ्या मुलाला एका पोर्टलकडून करार आला आहे. त्याला पहिल्यांदाच मानधन मिळणार म्हणून तो सही करायला निघाला होता. करारात लिहिलं आहे: लेखाचे सर्व हक्क, सर्व माध्यमांत, कायमचे. मानधन मोघम, ‘धोरणानुसार’.

चोरीइतकंच लेखन अशा कागदांवर जातं, आणि तिथे तक्रार करायलाही जागा उरत नाही. कलम १९ प्रमाणे हक्क देण्याचा करार लेखी हवा, सही हवी आणि कोणतं लेखन, कोणते हक्क, किती काळ, कुठे आणि मोबदला किती, हे त्यात असायला हवं. काळ लिहिला नसेल तर तो पाच वर्षं धरला जातो, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कायद्याने लेखकाला इतकं सांभाळून घेतलं आहे, पण ‘कायमचे’ असं स्पष्ट लिहून खाली सही केली की तो आधार गेला. मी त्याला तीन बदल सुचवले: इंटरनेटवर प्रथम प्रसिद्धीचा हक्क, तोही एका वर्षासाठी, पुस्तकाचे आणि ध्वनिरूपाचे हक्क लेखकाकडे, मानधनाचा आकडा. दिवाळी अंकांत अनेक वर्षं लिहिणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, तिथे एकदा छापण्यापुरता लेख द्यायचा ही रीत आहे. पोर्टलवाल्यांना ती रीत कुणी शिकवलेली नाही.

“ते नाही म्हणाले तर, ताई?”

“तर लेख तुझ्याकडे राहील.” तो हिरमुसला. वय बावीस, आणि पहिलं मानधन. पण मी हे गोड करून सांगितलं नाही.

४.००

रिक्षाने वकीलबाईंकडे. त्यांचं ऑफिस चेंबूर स्टेशनजवळ, हार्बरच्या गाड्यांची घोषणा खिडकीतून ऐकू येते. आज एका शिक्षणसंस्थेच्या स्मरणिकेचं प्रकरण आहे. निवृत्त शिक्षिकांचा तोच लेख तिथे दुसऱ्याच व्यक्तीच्या नावाने छापून आला आहे. छायाचित्रासकट. हे प्रेमाने पुढे पाठवणं नव्हे.

वकीलबाईंना लोक नेहमी विचारतात तोच प्रश्न मीही सुरुवातीला विचारला होता: नोंदणी नाही, मग हक्क कुठला? उत्तर मुंबई उच्च न्यायालयानेच दिलं आहे. ९ मार्च २०२१ च्या संजय सोया विरुद्ध नारायणी ट्रेडिंग कंपनी या निकालात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी स्पष्ट केलं की कॉपीराइट लेखनाबरोबरच जन्मतो आणि दावा लावायला नोंदणीची सक्ती नाही. प्रकरण खाद्यतेलाच्या वेष्टनाचं, पण आधार झाला लिहिणाऱ्यांना. नोंदणीचा उपयोग आहेच: कलम ४८ प्रमाणे ती प्रथमदर्शनी पुरावा ठरते. नमुना १४ भरायचा, साहित्यकृतीला पाचशे रुपये शुल्क, हरकतींसाठी तीस दिवस. सुट्या लेखांसाठी ते परवडत नाही. वर्षाचे लेख एकत्र करून संग्रह म्हणून नोंदवावेत असं बाई सुचवतात. स्वतःलाच रजिस्टर पोस्टाने लेख पाठवून पाकीट बंद ठेवायची जी जुनी युक्ती आहे, तिला कायद्यात कुठेच स्थान नाही.

मग तुलना. आम्ही दोन्ही लेख टेबलावर शेजारी ठेवले. स्मरणिकेतल्या लेखात शाळेचं नाव बदललं आहे, फळ्याचा ‘हिरवा बोर्ड’ झाला आहे, शेवट थोडा कापला आहे. १९७८ च्या आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कसोटी घालून दिली. आनंद यांचं ‘हम हिंदुस्थानी’ हे नाटक आणि ‘न्यू दिल्ली’ हा चित्रपट, प्रांताप्रांतातल्या दुराव्याचा विषय दोन्हींत एकच. न्यायालय म्हणालं की विषयावर, कल्पनेवर, ऐतिहासिक तथ्यांवर हक्क नसतो. दोन्ही कृती पाहिलेल्या माणसाच्या मनावर दुसरी ही पहिलीची नक्कल आहे असा निःसंशय ठसा उमटला पाहिजे. आनंद हरले. आमच्या टेबलावरच्या लेखांत मात्र सव्वा पान सलग जुळतं, तिसऱ्या परिच्छेदातल्या मूळ टंकनदोषासकट. ‘हजेरीपट’ चा ‘हजेरपट’ झाला होता, तो तिकडेही ‘हजेरपट’ आहे.

मुंबईला हे वाद नवे नाहीत. शंभर वर्षांपूर्वी प्लुटार्कच्या अलेक्झांडर-चरित्राच्या विद्यार्थी-आवृत्तीवरून मॅकमिलन कंपनीने मुंबईच्या के. अँड जे. कूपर या प्रकाशकांना कोर्टात खेचलं. वाद प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९२३ मध्ये निकाल लागला. नुसती कापाकापी करून वेचलेल्या उताऱ्यांवर हक्क मिळाला नाही. संपादकाने स्वतः लिहिलेल्या टिपांवर मिळाला. कुणी किती कष्ट घेऊन स्वतःचं काय घातलं, यावरच अखेर तराजू झुकतो.

मी विचारलं, पोलिसांत जायचं का? कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आहे आणि मे २०२२ मध्ये निट प्रो प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र ठरवला. वकीलबाईंनी चष्मा काढला. “शाळेतल्या एका माणसाला एका लेखासाठी कोठडीत बघायचंय का तुमच्या बाईंना?” शिक्षिकांना फोन लावला. त्या म्हणाल्या, “पैसे नकोत, पोलीस नकोत. पुढच्या अंकात माझं नाव छापा म्हणावं, जिथे त्याचं छापलं त्याच आकारात.” तेवढं लिहिलेलं पत्र संस्थेच्या अध्यक्षांच्या नावे स्पीड पोस्टाने गेलं, दोन्ही लेखांच्या प्रती जोडून.

६.३०

परत येऊन संकेतस्थळाची दुरुस्ती. यंत्राने लेख ओढले जातात ते बहुतेक वेळा नवे लेख आपोआप पुढे पोचवणाऱ्या फीडमधून, म्हणून फीडमध्ये आता फक्त पहिला परिच्छेद जातो. प्रत्येक लेखाच्या मध्यावर, वाक्याच्या ओघात, माझं नाव आणि मूळ ठिकाण येईल असं लिहिते. शेवटची ओळ कापली जाते, मधली राहते. छायाचित्रावर नाव कोपऱ्यात टाकत नाही, माणसांच्या मागच्या भिंतीवर फिकट टाकते.

उजवी क्लिक बंद करा, मजकूर निवडताच येणार नाही असं करा, असा सल्ला नेहमी मिळतो. मी ते करणार नाही. चोराचं यंत्र माऊस वापरत नाही. अडतो तो शब्दाचा अर्थ शोधायला निघालेला विद्यार्थी आणि उतारा नावासकट घेऊ पाहणारा प्रामाणिक वाचक.

रोबोट्स डॉट टीएक्सटी या फाइलमध्ये कोणत्या यंत्राने आत यावं, कोणत्या नाही, हे लिहिता येतं. १९९४ पासूनची ही सभ्यपणाची पद्धत आहे. ती पाळणं न पाळणं समोरच्यावर. ओपन एआयने २०२३ मध्ये आपल्या यंत्राचं नाव जाहीर केल्यापासून अशी नावं वाढतच आहेत आणि कुणाला दार उघडं ठेवायचं हे प्रत्येक लेखकाने स्वतः ठरवायला हवं. एएनआय या वृत्तसंस्थेने नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात ओपन एआयविरुद्ध लावलेला दावा याच प्रश्नाचा आहे. लेखकाला न विचारता शिकणं हे वाचनात मोडतं की उचलण्यात, याचं उत्तर मला परवानगीच्या बाजूचं हवं आहे. विचारलं तर बरेच जण हो म्हणतील. मीही कदाचित म्हणेन.

९.१५

जेवणानंतर डाक. होस्टिंग कंपनीची पोच आली: तक्रार मिळाली, संबंधित ग्राहकाला कळवलं. पाककृतीवाल्या काकूंना त्या बाईचं उत्तर आलं आणि काकूंनी ते मला जसंच्या तसं पाठवलं. तिने लिहिलं आहे की तो परिच्छेद तिला व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता, खाली कुणाचंच नाव नव्हतं आणि तिला वाटलं ही कुणा आजीची जुनी गोष्ट आहे. व्हिडिओच्या खाली काकूंचं नाव आलं आहे. पुढच्या व्हिडिओत काकूंनी स्वतः येऊन मोदक दाखवावेत, असंही तिने विचारलं आहे. काकू विचार करताहेत.

किल्ल्यांवरच्या मुलाचा पोर्टलला पाठवायचा मसुदा आला. त्याने तिन्ही बदल घातले आहेत आणि चौथा स्वतःहून घातला आहे: लेखकाचं नाव शीर्षकाखालीच असावं.

आता वहीत उद्याची कामं. गूगलच्या अर्जाचा क्रमांक. एका समाजमाध्यमावरच्या पानाविरुद्ध काकूंनी मागच्या आठवड्यात तक्रार केली होती, तिचं उत्तर अजून नाही. २०२१ च्या नियमांनुसार कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याने चोवीस तासांत पोच द्यायची असते. तिथे दाद लागली नाही, तर २०२३ मध्ये नेमलेल्या अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं आणि त्यासाठी मुदत तीस दिवसांची असते. ती तारीख मी लाल शाईने लिहिली. स्मरणिकेच्या पत्राची पोच यायला आठवडा धरते. माहुलच्या कोळीवाड्यावरचा लेख अजून निम्मा आहे आणि उद्या सकाळी अलर्ट बघून झाले की आधी तोच लिहायला घ्यायचा आहे.